कातरखडीत 'वन्स मोर' का मागत नाहीत

कातरखडीचं नाट्यगृह ते हेच. पत्रे अलीकडचे, जोतं आणि रंगमंचाच्या फळ्या मात्र जुन्या. पाहुणे, बसा खुशाल. एकच सांगून ठेवतो, गाणं कितीही रंगलं तरी इथे 'वन्स मोर' द्यायचा नाही. टाळ्या वाजवा, माना डोलवा, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारा. पण तेच पद पुन्हा मागायचं नाही. मागे बाहेरगावचे एक नावाजलेले गायक नट आले होते. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिला अंक संपला तसे घाम पुशीत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शेठ, गावात कोणी वारलंय का हो?"

मी म्हटलं, "हो. पण त्याला शंभर वर्षं होऊन गेली."

त्या काळी इथे अंतूमास्तर पुंडे म्हणून शिक्षक होते. त्यांची धाकटी बहीण द्वारका नदीपलीकडच्या गावी दिलेली. एका वैशाखात भर दुपारी ती तीन कोस चालत माहेरी आली म्हणे, अनवाणी. मास्तर समजायचं ते समजले आणि उंबऱ्यातच आडवे उभे राहिले. नवऱ्याचं घर सोडलेली बहीण ठेवून घेतली तर गाव काय म्हणेल? "आल्या पावली परत जा," म्हणाले. वहिनीनं तेवढं पाणी दिलं. द्वारका पाणी प्याली आणि बोलली, "दादा, मी राहायला नाही आले. पाणी प्यायला आले होते. प्याले. निघते."

ती सासरी पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी डोहात सापडली.

मास्तरांनी मग नाटक लिहिलं. नाव 'परत'. साधं गद्य, आणि शेवटी तिची ती चार वाक्यं, जशी बोलली तशी. पापाची जाहीर कबुलीच म्हणा. गावच्या हौशी मंडळींनी ते केलं, पन्नास-साठ माणसांनी पाहिलं आणि सगळी मान खाली घालून घरी गेली.

रावजी शेलूकर हा मास्तरांचा बालमित्र, संगीत नाटक मंडळीचा मालक. तो म्हणाला, "अंत्या, गद्य कोण बघतो? मला दे. संगीत करतो. द्वारकीचं दुःख गावोगाव पोचेल." मास्तर कबूल झाले. बावीस पदं त्यांनीच रचून दिली. नाव बदलून झालं 'संगीत भगिनीवियोग'. मधे एक विनोदी न्हावी घुसला. द्वारकेचा नवरा सेनापती झाला, कारण कंपनीकडे सेनापतीचा पोशाख तयार होता! मास्तरांनी सगळं गिळलं. अट एकच घातली, ती चार वाक्यं बोलायची, गायची नाहीत. रावजीनं खंडोबासमोर बेलभंडार उचलून शपथ घेतली.

आता मी व्यापारी माणूस, गिऱ्हाइकाची नाडी मला कळते. भैरवीशिवाय संपलेलं संगीत नाटक म्हणजे ताकभाताशिवाय उठलेली पंगत. हे रावजीला कळत नव्हतं असं नाही. मास्तरांसमोर तीन महिने तालमी झाल्या, त्यात ती वाक्यं नीट बोलली जात. पण मास्तर शाळेत गेले की जिनिंगच्या शेडमध्ये दुसरी तालीम चाले म्हणे. मास्तरांना वास लागला नाही. मित्रावर कोण पहारा ठेवतो?

पहिला प्रयोग इथेच, उत्सवाच्या दुपारी. मास्तर पुढच्या खुर्चीत. द्वारकेचं काम करणारे गजाभाऊ शेवटच्या अंकात उंबऱ्याशी आले, मास्तर पुढे झुकले, आणि ऑर्गननं भैरवीचे सूर धरले.

"जलपानास्तव आले बंधो, जाते आता माघारी..."

'माघारी'वर गजाभाऊंनी अशी तान घेतली की लोक उभे राहिले. वन्स मोर! पुन्हा झालं. पुन्हा वन्स मोर! तिसऱ्यांदा झालं. रावजी विंगेतून धावत खाली आला आणि मास्तरांच्या कानाशी लागला. "अंत्या, बघ, बायका डोळ्यांना पदर लावून रडताहेत. याच्यासाठीच तर केलं!"

मास्तर उठले. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असं सांगतात.

"रावजी, ती एकदाच बोलली होती."

आणि ते निघून गेले. चौथ्यांदा गजाभाऊंनी तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही. लागोपाठ तीन भैरव्या गायल्यावर कुणाचाही गळा बसेल, असं मी म्हणत असे. पण ऑर्गनही त्याच क्षणी मुका झाला म्हणतात. 

दुसऱ्या सकाळी रावजी मास्तरांच्या दारी गेला. मास्तर म्हणाले, "नाटक तुझं. माझं त्यात काही उरलं नाही." रावजीनं भैरवी काढून टाकली, गावात पुन्हा वन्स मोर होणार नाही असं पंचांकडून कबूल करून घेतलं. पण मास्तर पुढे एकोणीस वर्षं जगले, ते काही इकडे फिरकले नाहीत. बाजाराला जाताना कुंभारआळीचा वळसा घालून जात.

आजही उत्सवात ते नाटक होतं. शेवटची वाक्यं सुरू व्हायच्या आधी ऑर्गनवाला उठून प्रेक्षकांत येऊन बसतो. वाक्यं एकदाच बोलली जातात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एसटी स्टँडवर जाऊन बघा, अर्ध्या गावचे भाऊ आपापल्या बहिणींना माहेरी आणायला निघालेले असतात. मीही जातो. माझी ताई दारातच उभी असते. मला बघून म्हणते, "आलास? म्हणजे काल नाटक झालं वाटतं तुमचं."