आईच्या डोळ्यांतली काळी चिमूट

चमचमपूर गावात मंजुळी नावाची एक चिमुकली, प्रेमळ आणि भारी रागीट मुलगी राहायची. रागीट का, ते ऐका. ऐकून तुम्हालाही राग येईल.

मंजुळीची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. इस्त्रीतले विझलेले कोळसे मंजुळी पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची, की झाली काळी रांगोळी! दुसरे रंग घ्यायला पैसे कुठले?

संक्रांतीला राजाच्या बागेत रांगोळ्यांचा मेळा भरला. लालचुटुक, हिरवेगार, पिवळेधमक रंग जिकडे तिकडे हसत होते. मंजुळीने काळ्या-पांढऱ्या रांगोळीत आपल्या आईचा चेहरा काढला. काळेभोर केस, काळेसावळे गाल. डोळ्यांतल्या बाहुल्या तेवढ्या भरायच्या राहिल्या, इतक्यात राजाच्या रंगप्रधानबाई आपल्या लेकराचं बोट धरून आल्या. त्यांनी काचेचा लोलक उन्हात धरला, तशी जमिनीवर सात रंगांची इवलीशी पट्टी नाचू लागली.

"यात काळा दिसतो का गं तुला?"

"नाही, बाईसाहेब."

"मग काळा हा रंगच नाही. खरे रंग भर. नाहीतर ऊन उतरलं की हे झाडून टाकू."

आणि हे सांगताना बाई काय नेसल्या होत्या? काळी कुळकुळीत चंद्रकळा! संक्रांत होती ना! बागेतल्या सगळ्या बायका काळ्या साड्यांत, बोरन्हाणाची बाळं काळ्या झबल्यांत. ती चंद्रकळा सकाळीच मंजुळीच्या आईने कडक इस्त्री करून दिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

मंजुळी पाय आपटत शेवंतीच्या ताटव्यामागे गेली. "माझ्या आईला झाडून टाकणार म्हणे!" ती रडत ओरडली.

तोच एका शेवंतीतून सोनेरी पंखांची, बोटभर उंचीची परी बाहेर आली. "रडू नकोस गं बाळ. दोन इच्छा माग. पण नियम आहेत हं. मागशील ते सगळ्यांना लागू होईल, तुलासुद्धा. आणि पहिली इच्छा मोडायची तर दुसरी त्यातच खर्च होईल."

मंजुळीने विचार केलाच नाही. "काळा रंग नाही म्हणतात ना? मग जाऊ दे सगळ्यांचा काळा!"

परीने पंख झटकले. चंद्रकळा लसणीच्या सालीसारखी फिकट झाली. मंजुळी टाळ्या पिटून हसली. मग वेण्या पांढऱ्या झाल्या, कावळे पांढरे झाले, झाडांखालच्या सावल्या पुसल्या गेल्या. आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या गेल्या. त्यांतूनच तर उजेड आत जातो! मंजुळीलाही काही दिसेना.

"मंजुळे, कुठे आहेस गं? हातात पेटती इस्त्री आहे, मला काही दिसत नाही!" कुंपणापलीकडे इस्त्री करत बसलेली आई हाका मारत होती. इकडे बाळं रडत होती. रंगप्रधानबाई जमिनीवर रांगत आपलं लेकरू चाचपत होत्या.

"परी, सगळ्यांना दिसू दे! त्या बाईला सोडून," मंजुळी दात-ओठ खात म्हणाली.

"मागशील ते सगळ्यांना, बाळ."

बाईंचं लेकरू "आई, आई" म्हणून टाहो फोडत होतं. दुसऱ्या इच्छेत मंजुळीला रंगपेटी मागायची होती. आईची रांगोळी वाचवायची होती. इच्छा मात्र एकच उरली होती.

"माझा राग गेलेला नाही!" ती ओरडली. "पण दे सगळ्यांचा काळा परत. तिचासुद्धा!"

काळा परत आला. बाईंनी लेकराला छातीशी धरलं आणि मान खाली घातली.

परी त्यांच्यापुढे भिरभिरली. आता तीही रागावली होती. "लोलकातून काळा निघत नाही, हे खरं. कारण तो उजेड बाहेर सोडत नाही, पोटात घेतो. म्हणून तर तुमची चंद्रकळा थंडीत ऊब देते! पण चित्राला लोलकाचा नियम कशाला? काळ्याशिवाय चित्राचे डोळे कसे उघडतील?"

बाईंनी रांगोळीजवळ तयार ठेवलेला झाडू लांब फेकला. कोळशाची वाटी स्वतः उचलून मंजुळीपुढे धरली. "भर, बाळ. तुझी आई इथेच राहील."

"राहणारच!" मंजुळी फणकारली. रांगोळीपाशी बसून तिने काळी चिमूट उचलली आणि चित्रातल्या आईच्या दोन्ही डोळ्यांत अलगद सोडली.

परीने तिच्या गालाची पापी घेतली. मग ती लखलखली, नुसता उजेड झाली आणि त्या दोन काळ्या ठिपक्यांत शिरली. सगळाच्या सगळा उजेड आत गेला.

रांगोळीतल्या आईने मंजुळीकडे पाहिलं.