नगाऱ्याच्या गाठी

बोलण्यात काही चुकलं तर रागवू नका हं. शाळा लवकर सुटली माझी, शब्दही साधेच येतात. पण गोष्ट नीट सांगतो. ऐका.

एक होता राजा. त्याच्या दारात एक भला मोठा नगारा. तो वाजला की लढाई, नाही वाजला तर नाही. गंमत काय, की त्याचं कातडं काही राजानं ताणलेलं नव्हतं. गावातल्या घराघरातून लुगड्याची एकेक चिंधी आलेली, त्या चिंध्यांनीच ते आवळून बांधलेलं. राजवाड्यातूनही एक रेशमी फडकं. ज्याची चिंधी, त्यानंच गाठ मारायची.

एकदा काय झालं, राजाचा पांढरा घोडा नदीपलीकडे गेला. शेजारच्या राजानं तो बांधून ठेवला. झालं! आमचा राजा म्हणाला, "लढाई! उद्या नगारा वाजणार!"

नगारा राखायची ठकूबाई. तिचा एकुलता एक येसू, भाला घेऊन सगळ्यांच्या पुढं जायचा तो. तिनं काय केलं? गुपचूप नाही बरं का, सगळ्यांदेखत आपली गाठ सोडली. मग शेजारणीनं सोडली. मग साऱ्या गावानं.

राजानं टिपरू हाणलं. नगारा नुसता 'फुस्स'! मग सेनापतीनं स्वतः गाठी मारल्या. त्या सापासारख्या सळसळत सुटल्या. मग सोन्याची तार आवळली. तीही सुटली.

राग यायचा, तर राजाला नवलच वाटलं. "ठकूबाई, राजा मी. मग नगारा कुणाचा?"

"नगारा तुमच्या दारात आहे, महाराज. पण पोरं आमच्या दारातून जायची. घोडा परत मागितलात का?"

"मागायचा? मी?"

"मग काय घोड्यानं मागायचं?"

सेनापतीसुद्धा मिशीत हसला. राजानं हळूच विचारलं, "आणि कुणी खरंच चालून आलं तर?"

"तर तुम्ही जागे व्हायच्या आत आमच्या गाठी बांधून झालेल्या असतील."

पुढं घोडा घरी आला. येसूनं त्याला न्हाऊ घातलं. सगळी सुखात राहिली. मिटा आता डोळे.

काय? दुसऱ्या दिवशी सकाळी राजानं काय केलं?

नगाऱ्यावर एकच गाठ उरली होती, राजवाड्याची. ती त्यानं आपल्या हातानं सोडली. त्या रेशमी फडक्यात ठकूबाईची भाकरी बांधून घेतली, आणि एकटाच नावेत जाऊन बसला.