रांगेतली शेवटची

“आता सांगा गुरुजी, या घरात काय उणं राहिलं?”

रोममधल्या टेकडीवर बांधलेल्या नव्या घरात केसो सर्गियस ताठ मानेनं उभा होता. लहानपणी त्याला शिकवणारे म्हातारे ग्रीक गुरू, हर्मियास, नुकतेच सगळं घर पाहून आले होते. उघड्या छताखालचा संगमरवरी हौद, पूर्वजांचे मेणाचे मुखवटे, मागची खांबांची बाग...

“मागच्या पडद्याआड हातमाग वाजत होता. तिथे कोण?”

केसोचा आवाज खाली आला. “माझी मुलगी, सर्गिया. नवऱ्याचं घर सोडून आली. आठ महिने झाले.”

“का आली?”

“...विचारलं नाही. चारचौघांत मान खाली घालायला लावली तिनं. तरी खोली दिली, दासी दिली. आणखी काय द्यायचं?”

 त्या रात्री हर्मियास तिथेच राहिले.

सकाळी रोजच्याप्रमाणे आश्रितांची मुजऱ्याला रांग लागली. केसो खुर्चीत बसून एकेकाला विचारत होता, “बोल, काय अडलंय?”

कुणाचा खटला होता, कुणाचं छप्पर गळत होतं. केसो प्रत्येकाचं नीट ऐकून घेत होता.

रांगेच्या शेवटी हर्मियास दिसले.

“गुरुजी, तुम्ही रांगेत?”

“मी फक्त जागा धरली होती.” ते बाजूला सरकले.

मागे सर्गिया उभी होती.

सवयीचे शब्द केसोच्या ओठांपर्यंत आले... आणि अडकले.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “वाटलं, इथे तरी विचाराल.”

केसो खुर्चीतून उठला. तिचा हात धरून तिला मागच्या बागेत घेऊन गेला. दुपारपर्यंत दोघं खांबांच्या सावलीत बसून होती. ती बोलत होती, तो ऐकत होता. मध्येच ती रडली. नंतर कशावरून तरी हसलीही.

हर्मियास निघाले तेव्हा केसो धावतच दाराशी आला.

“गुरुजी, तो तिच्यावर हात उगारायचा. आणि मी आठ महिने...” त्यानं मागे बागेकडे पाहिलं. “आता पुढे काय, ते मला एकदाही सांगता आलं नाही. तरी उठताना म्हणाली, बाबा, उद्या पुन्हा बसू. उद्या तिच्यासाठी काय उत्तर नेऊ?”

हर्मियासनी वाकून वहाणेचा बंद बांधला.

“उद्याही रिकामाच जा.”