केंद्रकाने न उघडलेले पान

एका माळावर एक शेळी चरत असे, आणि त्या शेळीच्या यकृतात एक पेशी होती. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे गावच म्हणा. गावाला जशी वेस, तसे या पेशीला प्रद्रव्यपटल होते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे, हे तेच ठरवी. आत पेशीद्रव्याची ओल होती, कारागिरांच्या गल्ल्या होत्या, आणि मधोमध गावाचा कारभारी राहत असे. त्याचे नाव केंद्रक.

केंद्रकाजवळ एक पोथी होती. गावात काय बनवायचे, कसे बनवायचे, किती बनवायचे, सगळे तिच्यात लिहिलेले. पोथी घराबाहेर न्यायची नाही, हा फार जुना रिवाज. म्हणून केंद्रक हवे ते पान उघडी, त्याची नक्कल चिठ्ठीवर उतरवी आणि चिठ्ठी बाहेर धाडी. रायबोसोम नावाचे कारागीर ती वाचून माल घडवत. गॉल्गी पिंड त्या मालाची गाठोडी बांधून ज्याच्या त्याच्या दारी पोचवी. चिठ्ठी थोड्या वेळात विरून जाई, मग पुन्हा नवी लिहायची. केंद्रक गडी कामाचा होता, पण मनाने भित्रा. आपल्या भित्रेपणाला तो दूरदृष्टी म्हणत असे.

गावाला ऊर्जा पुरवायचे काम तंतुकणिकांचे. त्या शेकड्यांनी होत्या. त्यांतली थोरली केंद्रकाला आईच्या जागी होती. तिचे पूर्वज फार पूर्वी बाहेरून पाहुणे म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. अजूनही तिच्या पदराला माहेरची एक चिमुकली पोथी बांधलेली असे.

आणि गावाच्या कडेला लयकारिका आपल्या बहिणींबरोबर राहत असे. मोडके, कुजके, निकामी जे असेल ते ती पिशवीत घेई, आंबट पाचक रसात विरघळवी आणि त्यातले चांगले तेवढे कारागिरांना परत देई. गाव तिला लयाक्का म्हणे, पण दुरूनच. तिच्या रसाचा थेंब सांडला तर अंग भाजेल, अशी सगळ्यांना धास्ती. ती बिचारी स्वतःच पिशवीचे तोंड घट्ट आवळून वावरत असे.

एक दिवस वेशीवरून पटलाने खबर आणली.

"कारभारी, ऐकलंत का? शेजारची पेशी गेली."

"गेली म्हणजे?"

"तिथल्या लयकारिका फुटल्या. अख्खं गाव विरघळलं. एक वासा शिल्लक नाही!"

आधी काय झाले आणि मग काय, हे पटलाने कोणाला विचारले नव्हते, आणि केंद्रकानेही विचारले नाही. भित्र्याला बातमी पुरते, चौकशी लागत नाही.

त्या दिवसापासून पाचक रसाचे पान आले की केंद्रकाचा हात थबकू लागला. आज राहू दे, उद्या बघू, असे म्हणत तो पुढचे पान उलटी. त्याने लयाक्काला गावाबाहेर काढले नाही, कसला हुकूम सोडला नाही, तिला उणा शब्दही बोलला नाही. नुसते एक पान उघडायचे सोडून दिले. त्यामुळे आपण कोणाचे काही वाईट करतो आहोत, असे त्याला वाटलेच नाही.

गॉल्गी पिंडाच्या मात्र ध्यानात आले. "कारभारी, लयाक्काचं गाठोडं कितीतरी दिवसांत बांधलं नाही मी. चिठ्ठीच येत नाही."

"आहे त्यात भागवू दे की. तिला असं लागतं किती!"

"मला काय," गॉल्गी पिंड म्हणाला, "चिठ्ठी आली तर गाठोडं." आणि तो आपल्या कामाला लागला.

शेवटी लयाक्का स्वतःच केंद्रकाच्या दारी आली. चार हात लांब उभी राहून तिने हाक मारली.

"दादा, रस संपत आलाय. कचरा आत घेते, पण तो विरत नाही. पिशवी नुसती फुगत चाललीय."

"बघतो, बघतो," केंद्रक आतूनच म्हणाला. "सध्या कामाचा रगाडा आहे."

"मी आले नसते हो. पण थोरलीची पाळी जवळ आलीय. जरा दार उघडता का? दोन शब्द बोलायचे होते."

केंद्रकाने दार उघडले नाही. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

पाळी म्हणजे काय, हे केंद्रकाला ठाऊक होते. तंतुकणिका झिजली की तिने लयाक्काच्या पिशवीत जायचे आणि तिच्या अंगातल्या चांगल्या जिनसांतून नव्या तंतुकणिका उभ्या करायच्या, ही गावची रीत होती. दुसऱ्या दिवशी थोरलीच त्याच्याकडे आली.

"केंद्रका, माझ्या भिंती गळायला लागल्यात रे. ऊर्जा कमी आणि ठिणग्याच जास्त उडतात माझ्यातनं. लयाक्काला रस दे, आणि मला तिच्याकडे पाठव."

"तुला त्या आंबट पिशवीत घालू? माझ्या हातानं?"

"माझी आई नाही का गेली? तिचाच एक खांब माझ्यात आहे. माझ्यातनं दोघीजणी उभ्या राहतील."

"मुळीच नाही," केंद्रक म्हणाला. "तू माझ्या दारात बस. काही काम करू नकोस. मी आहे ना!"

थोरलीने पुष्कळ समजावले, पण तो ऐकेना. त्याची माया खरी होती, खोटी नव्हती. पण मायेने गळकी भिंत सांधली जात नाही. थोरली त्याच्या दारात बसून राहिली आणि तिच्या ठिणग्या शेजारच्या तंतुकणिकांना भाजू लागल्या. मग त्याही गळू लागल्या. त्यांना घेऊन जाणारे कोणी उरले नव्हते. लयाक्का आणि तिच्या बहिणी कचऱ्याने तट्ट फुगून जागच्या हलत नव्हत्या. गल्ल्या तुंबल्या. ऊर्जा घटली तसे वेशीवरच्या पटलाचे हातपाय गळाले, त्याला मीठ बाहेर रेटता येईना. मिठामागून पाणी आत शिरले आणि सारे गाव फुगू लागले.

तेव्हा केंद्रकाचे डोळे उघडले. त्याने पोथीतले ते पान काढले. एक चिठ्ठी लिहिली, दहा लिहिल्या, शंभर लिहिल्या.

"अरे, घडवा! लवकर घडवा!" तो कारागिरांवर ओरडला.

"चिठ्ठी वाचता येतेय, कारभारी," एक कारागीर म्हणाला, "पण हात उचलत नाही. ऊर्जाच नाही अंगात."

वरातीमागून घोडे धाडून काय उपयोग! चिठ्ठ्या पडल्या जागी विरून गेल्या. दारात बसलेल्या थोरलीची शेवटची ठिणगी विझली, तेव्हा केंद्रक तिच्याजवळ होता, पण त्याला तिच्यासाठी काही करता आले नाही.

वाहत्या पाण्याबरोबर लयाक्का त्याच्या दाराशी आली. या खेपेला दार सताड उघडे होते.

"लयाक्का, शेजारच्या पेशीत झालं तरी काय होतं?"

"ती आधीच मेली होती, दादा. पाणी शिरून, अशीच. मग तिथल्या बहिणींनी आपल्या पिशव्या फाडल्या. मेलेलं सडत पडलं तर शेजाऱ्यांना त्याची बाधा होते. म्हणून शेवटचं आवरून जायचं काम आमच्याकडं असतं."

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते, दादा. तुम्ही दार उघडलं नाहीत."

केंद्रकाने तिच्या पिशवीकडे पाहत विचारले, "रस आहे का थोडा?"

"शेवटासाठी राखलेला आहे. आम्ही सगळ्याजणी तेवढा राखतोच."

"मग तो थोरलीसाठी..."

"थोरलीसाठी तो मोडलाही असता मी. तुम्ही तिला पाठवलंच नाहीत."

केंद्रकाला रडू कोसळले. "चुकलो गं, लयाक्का. तू गाव गिळशील म्हणून तुला भ्यालो, आणि गाव मीच घालवलं."

लयाक्काने त्याला दोष दिला नाही. "दादा, फार वेळ नाही," ती हळूच म्हणाली. "सुरुवात करू का?"

जिच्या फुटण्याला तो इतका भ्याला, तिलाच त्याने मान हलवून होकार दिला. लयाक्काने आधी थोरलीला जवळ घेतले, आणि मग पिशवीचे तोंड सोडले.

माळावर शेळी बाभळीच्या शेंगा खात उभी होती. तिला यातले काही कळले नाही. पण पलीकडच्या पेशीच्या वेशीवर लगबग झाली, आणि तिथले पटल आपल्या कारभाऱ्याकडे धावत गेले.

"कारभारी, ऐकलंत का? शेजारच्या लयकारिका फुटल्या. अख्खं गाव विरघळलं!"

तिथला केंद्रक तेव्हा पोथी उघडून बसला होता. पाचक रसाचेच पान समोर होते. त्याचा हात थबकला.

तात्पर्य: ज्याची भीती वाटते त्याला आधी दार उघडून विचारावे. वाईट काही न करताही, नुसते करायचे ते न केल्याने घर बुडते, आणि मग चुकलो म्हणायला तेवढे आपण उरतो.