आसूढाळ घोडी

एका राज्यात वेशीपाशी दगडाचा घोडा उभा होता आणि त्यावर दगडाचा राजपुत्र बसला होता. तो कुणा पाथरवटाने घडवला नव्हता. तो राजा रणकेसरीचा मुलगा जयकेतू होता.

झालं होतं असं. मायाध्वज नावाचा मांत्रिक घोडे विकायला आला. त्याने एकच विचारलं, "स्वार कोण?" प्रधान म्हणाला, "तुला काय करायचंय? घोडा दाखव." दात पाहिले, अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले, घोडा घेतला. त्या घराण्याची रीतच होती, की पूजेआधी वारसाने घोड्यावर बसायचं नाही, आणि विकत घेतल्याशिवाय पूजा नाही. दसऱ्याला जयकेतू पहिल्यांदा त्यावर चढला. घोडा वेशीकडे उधळला. "आबासाहेब, हा मला..." एवढंच तो बोलला. मांत्रिक म्हणाला, "ज्याला विचारलं नाही, तो असाच राहो. या घरातलं मूल आपल्याजोग्या घोड्यावरून याला तीन फेऱ्या घालील, तेव्हा सुटेल." आणि जयकेतू घोड्यासकट दगड झाला.

मागे उरली धाकटी इंदुलेखा. ती रोज दादाच्या अंगावरची कावळ्यांची घाण पुशी. पावसाने त्याचं नाक झिजू लागलं होतं.

राजाने तिच्यासाठी घोडा आणला. पुन्हा दात, पुन्हा भोवरे, पुन्हा पूजा. त्या उंच घोड्याने पहिल्याच फेरीत तिला चिखलात टाकलं. दुसरा आणला तो पंचकल्याणी, चारी पाय नि कपाळ पांढरं. त्याच्या रिकिबीला तिचे पाय पोचेनात. प्रधानाने तिसऱ्यासाठी माणसं पाठवली आणि दरबारात म्हणाला, राजकन्येलाच बसता येत नाही.

ते तिच्या कानी गेलं. अंगाचा तिळपापड झाला. चिखलाच्या कपड्यांनीच ती दरबारात आली.

"आबासाहेब, माझी मोजडी शिवायची तर मोची माझं पाऊल मापतो. घोडा घ्यायचा तर प्रधानजी घोड्याचे दात पाहतात. पडायचं मात्र मी."

"रीत आहे," राजा म्हणाला.

"रीतीनेच दादाचा दगड केला."

ती तडक वेशीवर गेली. दगडी घोड्याच्या कानावर टिटवी बसली होती. टिटवी म्हणाली, "मायाध्वज नदीकाठी घोडे घेऊन बसलाय. तेव्हापासून बसलाय. कुणी विचारायला गेलं नाही."

इंदुलेखेने मांत्रिकाला नमस्कार केला नाही. "चूक थोरांची, आणि दगड केलास पोराला. लाज नाही वाटली?"

मांत्रिकाने उलट विचारलं, "स्वार कोण?"

"मी."

त्याने तीन कसोट्या सांगितल्या. लगाम धरून घोडा चालवायचा, कुणाच्या हाताविना चढायचं, आणि नगारा झडत असता जागीच थांबवायचा. एका घोड्याने तिला फरफटत नेलं, एकाने चढू दिलं नाही, एक नगाऱ्याला बुजला. करडी, बुटकी घोडी तेवढी तिन्हींत टिकली. नगारा झडला तेव्हा तिने नुसता कान हलवला.

तोवर राजा नि प्रधान धावत आले. प्रधानाने घोडीच्या डोळ्याखालचा भोवरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "महाराज, ही आसूढाळ. धन्याला रडवील."

मांत्रिक म्हणाला, "किंमत एकच. राजाने सांगावं, स्वार कोण."

राजा घराण्याची बिरुदावली म्हणायला लागला आणि अडखळला. लेकीबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. अखेर त्याने तिलाच विचारलं. तिने सांगितलं, उंचीची भीती वाटते, डाव्या हातात जोर कमी आहे, आणि दादा हवा आहे. राजाने पागोटं उतरवलं आणि तिचं बोलणं जसंच्या तसं मांत्रिकापुढे म्हटलं.

इंदुलेखेने त्या घोडीवरून वेशीतल्या दादाला फेऱ्या घातल्या. तिसरीला दगडाची भुकटी झडली, घोडा खिंकाळला, आणि जयकेतूने वाक्य पुरं केलं, "...आवरत नाही."

या खेपेला राजाने ते ऐकलं. त्याने स्वतः लगाम धरला, मुलाला उतरवलं आणि भर वेशीत रडला.

"म्हटलं नव्हतं?" प्रधान म्हणाला. "धन्याला रडवील."

"प्रधानजी, घोडीची धनी मी," इंदुलेखा म्हणाली. "मी कुठे रडतेय?"

त्या राज्यात आता आधी स्वार बसतो, मग पूजा होते. मायाध्वज नदीकाठावरून उठून गेला. सगळं जागच्या जागी आलं. जयकेतूच्या नाकाचा शेंडा तेवढा झिजलेलाच राहिला. तो कुणी भरून द्यायचा?