प्रस्तावनेची जागा

बालकथा लिहिणाऱ्या हेमांगीताई सबनीसांना स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. कच्ची गोष्ट त्या सोसायटीतल्या मुलांना वाचून दाखवायच्या आणि जिथं एखादं मूल चुळबुळलं, तिथं लाल खूण करून पुन्हा लिहायला बसायच्या.

नवव्या खेपेला प्रकाशक चौबळसाहेब कातावले. "पोरांना काय कळतंय? ही माझी प्रस्तावना बघा, एका बैठकीत लिहिलेली. तिचा एक शब्द बदललात, तर पुस्तक निघणार नाही!"

"मग तुम्हीच वाचून दाखवा मुलांना," ताई म्हणाल्या.

साहेबांनी ऐटीत दोन पानं वाचली. मान वर केली, तर सतरंजी रिकामी!

ताईंचा हात लाल पेन्सिलीकडे गेला, पण तिथंच थांबला.

"शब्द एकही बदलत नाही, साहेब. फक्त प्रस्तावना पुस्तकाच्या शेवटी छापू. तोवर मुलं तशीही खेळायला गेलेली असतात."