आढ्याला टांगलेली टोपली

पूर्वी गोदावरीच्या तीरी अश्मक देशात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका बुरुडाच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव वेणुक. त्याच्या घरी दोन मांजरे आणि पंख मोडलेली एक मैना होती. प्रत्येकाची झाकणाची टोपली दाराशी उघडी पडलेली असे. वेणुक झाकणावर दोनदा टिचकी मारी, आणि ज्याने त्याने आपापल्या टोपलीत शिरून जेवायचे, असा त्या घरचा रिवाज होता.

शेजारी सारंगा नावाची माळीण राहत असे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिचे सारे जग म्हणजे पिंगी नावाची मांजरी. स्वतः शिळा भात खाईल, पण पिंगीला दूध ताजेच हवे. त्या श्रावणात नदी दोनदा घाट ओलांडून गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा वेणुकाने पिंगीसाठीही एक टोपली विणून दिली.

"मावशी, हिला रोज यातच दूध देत जा. पाणी आले की मांजर समजावायला वेळ नसतो."

"अरे, एवढी सुबक टोपली दुधाने नासवू? वेळ येईल तेव्हा काढीन की!"

सारंगेने टोपलीला हळदकुंकू लावले, जाईची माळ घातली आणि ती आढ्याला टांगून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती मोठ्या कौतुकाने वर बोट दाखवी. चांगली वस्तू न वापरता जपायची ही खोड काही एकट्या सारंगेची नाही. वेणुकानेही वाद घातला नाही.

भाद्रपदात एके दिवशी भर दुपारी वरचा बांध फुटला. सर्वांनी टेकडीवर जावे अशी दवंडी पिटली गेली. वर्षभर विणलेल्या टोपल्या त्याच दिवशी जत्रेला जायच्या म्हणून भद्रक नावाड्याची होडी घाटावर भरून उभी होती; पाणी गल्लीत शिरताच त्याने ती वेणुकाच्या दाराशी आणली. वेणुकाने टिचक्या मारल्या, दोन्ही मांजरे आणि मैना टोपल्यांत शिरली, झाकणे लागली.

इकडे सारंगेने आढ्यावरची टोपली खाली काढली आणि पिंगीला उचलून आत घातले. पिंगीने त्या टोपलीत कधी नाकही खुपसले नव्हते. ती फिसकारली, सारंगेचा हात ओरबाडला आणि थेट तुळईवर जाऊन बसली. सारंगेने दूध दाखवले, हाका मारल्या, शेवटी रडून विनवले. पाणी घोट्यावरून गुडघ्याला आले.

"मावशी, मांजर बघेल आपले! तू चल!" भद्रक बाहेरून ओरडला.

"ती नाही, तर मीही नाही," सारंगा म्हणाली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. आपण तहान लागल्यावर विहीर खणायला बसलो, हे तिला आता कळत होते. आपण हिचे लाड पुष्कळ केले, पण हिच्या जिवाचा विचार एक दिवसही केला नाही, या जाणिवेने तिचे काळीज फाटत होते.

वेणुकाने होडीकडे पाहिले. तीत आणखी एका माणसाला जागा नव्हती. त्याने जत्रेच्या टोपल्या एकेक करून पाण्यात ढकलल्या.

"अरे, वर्षाची मेहनत ती!" भद्रक कळवळला.

"बांबू पुन्हा उगवतो," वेणुक म्हणाला. घरातून त्याने एक जुनी, माशाच्या वासाची, कड उसवलेली टोपली आणली, सारंगेच्या घरात शिरून ती तुळईखाली उंच धरली आणि झाकणावर दोनदा टिचकी मारली.

पिंगीचे कान टवकारले. ती खांबावरून सरसर उतरली, टोपलीत शिरली आणि आपल्याच घरी आल्यासारखी पाय मुडपून बसली. वेणुकाने झाकण लावले.

सारंगा पाहतच राहिली. "ही तुझ्याकडे जेवते?"

"दोन्ही वेळा. तू टोपली टांगलीस, त्या दिवसापासून मी हिच्यासाठी एक मांडत होतो."

मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे डोळे मालकिणीनेच मिटले होते. सारंगेला राग यायला हवा होता, पण तिला हसू फुटले आणि हसता हसता रडू. होडी टेकडीला लागली, टोपलीतून पिंगीचे घुरघुरणे ऐकू आले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिने वाकून वेणुकाचे चिखलाने भरलेले पाय धरले. तिसऱ्या दिवशी पूर ओसरला, आणि त्या गल्लीतले एकही माणूस वा जनावर दगावले नव्हते.

पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रक नावाडी आज आनंद आहे. सारंगा माळीण म्हणजे समोर बसलेली ही उपासिका. वेणुक बुरूड मी स्वतःच होतो. माया सारंगेजवळ माझ्याइतकीच होती, कदाचित जास्तच. मायेला तिने जागे मात्र ठेवले नव्हते. संकट दूर असतानाच दुसऱ्याच्या जिवासाठी जागे राहणे, यालाच अप्रमाद म्हणतात."